सीजी जुळेना, रनवे पुरेना: लोडशीटमधला तोच तो घोळ कसा शोधायचा

ग्राउंड क्लास घेताना आणि सोलोला (एकट्याने उडायला) निघालेल्या मुलामुलींच्या लोडशीट, म्हणजे विमानातलं वजन आणि तोल मांडणारे तक्ते, तपासताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बेरीज-गुणाकार सहसा बरोबर असतात. चुकतं ते आकडा कुठून उचलला आणि कोणत्या मापात उचलला, तिथे. त्यामुळे "मॅडम, तीनदा केलं, तेच येतंय" असं कुणी म्हणालं की मी चौथ्यांदा करायला सांगत नाही. कॅल्क्युलेटर बाजूला ठेव आणि प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून आणला ते लिही, एवढंच सांगते. बहुतेक वेळा चूक तिथेच हाती लागते.

उदाहरणं सेसना १७२एसची घेतली आहेत, कारण आपल्याकडे बरेच जण त्यावर शिकतात. डायमंड किंवा पायपर उडवत असाल तर पद्धत तीच, आकडे तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमधले.

आधी लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते ओळखा.

– सीजी (सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, विमानाचा तोलबिंदू) भलत्याच ठिकाणी येतो. १५ इंच, ५८ इंच, कधी थेट ४३,०००.

– विमान कागदावर फारच हलकं दिसतं. तीन माणसं, बॅग, पुरेसं इंधन, आणि तरी कमाल वजनाला चारशे पौंड बाकी.

– शेजारी बसलेल्या मित्राचं उत्तर वेगळं. विमान तेच, माणसं तीच, फरक वीस-तीस पौंडांचा किंवा अर्ध्या इंचाचा.

– टेकऑफचं अंतर जानेवारीत काढलं होतं जवळपास तेवढंच मे महिन्यातही येतं.

– भर उन्हाळ्यात डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा जितकी विरळ आहे तिला जुळणारी उंची) धावपट्टीच्या उंचीपेक्षा कमी येतो.

– रनवे दुप्पट-तिप्पट पुरतो असं वाटतं, किंवा उलट, रोज जिथून विमानं उडतात त्या रनवेवरून आज निघताच येणार नाही असं उत्तर येतं.

– काहीच लक्षण नाही. सगळं मर्यादेत, बिंदू वजन-सीजीच्या आलेखाच्या मधोमध.

शेवटचं लक्षण मला सगळ्यात जास्त घाबरवतं. उत्तर मर्यादेबाहेर गेलं की विद्यार्थी स्वतःच थांबतो आणि चूक शोधतो. चुकीमुळे उत्तर मर्यादेच्या आत आलं तर कुणी मागे वळून बघत नाही. म्हणून उत्तर छान आलं असलं तरी पुढच्या पहिल्या तीन तपासण्या करायच्याच. त्यांना दहा मिनिटंही लागत नाहीत.

तपासणी १: कॅल्क्युलेटरशिवाय अंदाज

फुकट आणि दोन मिनिटांची. पुढे सगळीकडे हेच उदाहरण वापरते, म्हणून आकडे नीट बघून ठेवा.

रिकामं विमान १,६८० पौंड, आर्म (डेटम, म्हणजे मोजणीच्या शून्यरेषेपासूनचं अंतर) ४०.५ इंच. पुढच्या सीटवर इन्स्ट्रक्टर ८२ किलो आणि विद्यार्थी ७० किलो. मागे आणखी एक विद्यार्थी ६५ किलो. बॅग १० किलो. इंधन ४० यूएस गॅलन.

आता हाताने अंदाज घ्या. माणसं आणि बॅग मिळून सव्वादोनशे किलोच्या आसपास. किलोचे पौंड करायला दुप्पट करून त्याचा दहावा भाग त्यात मिळवायचा: साडेचारशे आणि पंचेचाळीस, म्हणजे पाचशेच्या जवळ. एव्हगॅसचा (विमानाच्या पेट्रोलचा) गॅलन सहा पौंडांचा, चाळीस गॅलनचे दोनशे चाळीस. १,६८० अधिक ५०० अधिक २४०, म्हणजे २,४२०. नीट गणित केल्यावरही उत्तर २,४२० च येतं.

ही तपासणी पहिली का, तर अंदाज घेताना डोकं वस्तूकडे बघतं आणि गणित करताना फक्त रकान्याकडे. एकदा एका मुलाने माझ्यासमोर नेमक्या याच भाराची शीट ठेवली. एकूण वजन २,१४७ पौंड. मी त्याला एवढंच विचारलं, "रिकामं विमान आणि इंधन वजा कर, किती उरतात?" तो म्हणाला, २२७. "मग तिघं आणि बॅग मिळून २२७ पौंड? म्हणजे एकेक माणूस किती किलोचा?" त्याने हिशोब केला आणि गप्प झाला. एकेक जण जेमतेम चौतीस किलोचा निघत होता. माणसांची आणि बॅगेची वजनं त्याने किलोतच पौंडांच्या रकान्यात लिहिली होती. २७३ पौंड कागदावरून गायब झाले होते आणि त्यामुळे शीट आणखीच छान दिसत होती.

सीजीचाही अंदाज असाच घेता येतो. १७२ मध्ये डेटम फायरवॉलच्या पुढच्या पृष्ठभागाच्या खालच्या भागाशी आहे. पुढच्या सीट ३७ इंचांवर, इंधन ४८ वर, मागची सीट ७३ वर, बॅग ठेवायची पहिली जागा ९५ वर. रिकामं विमान, इंधन आणि पुढची दोन माणसं हे जड सामान सगळं ३७ ते ४८ च्या दरम्यान आहे. तेव्हा उत्तरही चाळिशीतच यायला हवं. १५ आलं तर सीजी वैमानिकाच्या पावलांपाशी, पंखाच्या पुढच्या कडेच्याही पुढे गेला. असं विमान उडणार नाही. म्हणजे विमान ठीक आहे, गणित चुकलंय.

इथे पायपरवर शिकणाऱ्यांसाठी सूचना. पीए-२८ मध्ये डेटम पंखाच्या पुढच्या कडेच्या ७८.४ इंच पुढे धरलेला आहे. त्यामुळे तिथे ८५-९० इंच हे अगदी नेहमीचं उत्तर आहे. सेसनावाल्या मित्राच्या शीटशी तुमची शीट ताडून पाहण्यात काही अर्थ नाही.

तपासणी २: मापं

हीसुद्धा फुकट, फक्त पेन्सिल लागते. शीटवरच्या प्रत्येक आकड्यापुढे त्याचं माप लिहा: पौंड, किलो, लिटर, यूएस गॅलन, इंच, फूट, मीटर. माप लिहिता येत नसेल तर तो आकडा कुठून आला हे तुम्हाला माहीत नाही असं समजा.

आपल्याकडे हा घोळ जास्त होतो, कारण आपण दोन जगांत राहतो. माणसांची वजनं किलोत, इंधनाची पावती लिटरमध्ये, रनवेची लांबी मीटरमध्ये. मॅन्युअल मात्र अमेरिकेत लिहिलेलं, सगळं पौंड, गॅलन आणि फुटांत.

इंधनाची चूक सगळ्यात फसवी. ४० यूएस गॅलन म्हणजे सुमारे १५१ लिटर. लिटरला ०.७२ ने गुणलं की १०९ येतात, आणि इथेच गडबड होते. हे १०९ किलो आहेत. पौंडांच्या रकान्यात १०९ लिहिलं की १३१ पौंड इंधन कागदावरून नाहीसं होतं, आणि १०९ हा आकडा दिसायला अगदी शहाणा असतो. कुणालाच खटकत नाही. उलट १५१ ला सहाने गुणून ९०६ लिहिणारा लगेच पकडला जातो, कारण एवढं इंधन विमानात मावतच नाही.

लिटर आणि वजनामधला हाच गुणक २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ ला नडला. विमानाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. हिशोब करताना लिटरला किलोचा ०.८ हा गुणक लावायच्या ऐवजी पौंडांचा १.७७ लावला गेला. गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान निघालं आणि ४१,००० फुटांवर इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते गिमली इथल्या जुन्या हवाई दलाच्या धावपट्टीवर तरंगत आणून उतरवलं. ६९ जण वाचले. ते सगळे अनुभवी व्यावसायिक होते आणि त्यांनी हिशोब पुन्हा तपासलाही होता. चुकीच्या गुणकाने पुन्हा तपासलं तर उत्तर तेच येतं.

तपासणी ३: आकडे नेमके कोणत्या विमानाचे?

मित्राच्या उत्तराशी तुमचं जुळत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा इथे सापडतं. मॅन्युअलमध्ये पद्धत समजावण्यासाठी एका नमुना विमानाचं उदाहरण असतं. बरेच विद्यार्थी त्यातलं रिकामं वजन उचलतात. ते तुमचं विमान नाही. तुमच्या विमानाचं रिकामं वजन आणि मोमेंट (वजन गुणिले आर्म) त्याच्या स्वतःच्या वेट शेड्यूलमध्ये असतं. एकाच मॉडेलच्या, एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोन विमानांचं शेड्यूल सारखं नसतं. एकात जुना रेडिओ, दुसऱ्यात नवा. एकाला चाकांवर फेअरिंग आहेत, दुसऱ्याच्या काढल्यात. एकाला दोनदा रंग दिलाय.

म्हणून शेड्यूलवरची नोंदणी अक्षरं विमानाच्या अंगावरच्या अक्षरांशी बोट ठेवून ताडून पाहा. त्यावरची तारीख बघा. त्या तारखेनंतर विमानात काही बसवलं किंवा काढलं असेल तर हे शेड्यूल लागू आहे का, असं इंजिनिअरला विचारा. फोनमध्ये साठवलेल्या जुन्या फोटोवरून शीट भरू नका. ती सवय मला फार वेळा मोडावी लागली आहे.

दुसरं, 'रिकामं' म्हणजे किती रिकामं हे वाचा. १७२एसच्या टाक्यांत एकूण ५६ गॅलन मावतात, त्यातले ५३ वापरता येतात. न वापरता येणारे तीन गॅलन आणि इंजिन ऑइल रिकाम्या वजनात आधीच धरलेले असतात. टाक्या भरल्या म्हणून ५६ × ६ लिहिलं तर १८ पौंड दोनदा मोजले जातात. मित्राच्या आणि तुमच्या उत्तरातल्या 'वीस पौंडांच्या' फरकामागे बहुतेकदा हेच असतं.

तपासणी ४: मोमेंटचा रकाना

सीजी १५, ५८ किंवा ४३,००० आलाय त्यांनी इकडे लक्ष द्या. आधी बरोबर केलेलं गणित:

रिकामं विमान: १,६८० × ४०.५ = ६८,०४०
पुढची दोघं: ३३५ × ३७ = १२,३९५
मागचा एक: १४३ × ७३ = १०,४३९
इंधन: २४० × ४८ = ११,५२०
बॅग: २२ × ९५ = २,०९०
एकूण: वजन २,४२०, मोमेंट १,०४,४८४
सीजी: १,०४,४८४ ÷ २,४२० = ४३.२ इंच

सेसनाच्या शीटवर मोमेंट हजाराने भागून लिहायची पद्धत आहे, म्हणजे ६८,०४० च्या जागी ६८.०. शेड्यूलमधून ६८.० उचललं आणि बाकीचे मोमेंट पूर्ण लिहिले की बेरीज ३६,५१२ होते आणि सीजी येतो १५.१. विमानाचा सगळ्यात मोठा भाग बेरजेतून जवळजवळ बाद झाला. भागायचं तर सगळेच भागा, नाहीतर एकही नको.

५८.७ हे उत्तर वेगळ्याच वाटेने येतं: पाचही आर्म मिळवून पाचाने भागलं. असं करणाऱ्याला मी रागावत नाही, पण घरच्या तराजूचं उदाहरण देते. एका पारड्यात किलोचं माप आणि दुसऱ्यात पन्नास ग्रॅमचं असेल तर काटा मधोमध राहील का? दहा किलोच्या बॅगेला आणि सव्वासातशे किलोहून जड विमानाला सारखाच मान दिला की असं होतं. प्रत्येक वस्तू आपापल्या वजन आणि आर्मच्या गुणाकाराएवढ्या जोराने सीजीला ओढते, आणि तो जोर म्हणजेच मोमेंट.

४३,००० आलं तर बहुधा मोमेंट पूर्ण ठेवून वजन हजाराने भागलंत. दशांश बघा.

याच रकान्यात बॅगेची जागाही तपासा. १७२एसमध्ये मागे सामानाच्या दोन जागा आहेत, एक ९५ इंचांवर आणि दुसरी १२३ वर. पहिलीत १२० पौंड, दुसरीत ५०, पण दोन्ही मिळून १२० च. १२० आणि ५० ची बेरीज करून १७० कुणी भरू नये.

तपासणी ५: खरी वजनं

इथून पुढे थोडी मेहनत आहे. इतका वेळ कागदावरचे आकडे एकमेकांशी जुळवले. आता ते खऱ्या जगाशी जुळवायचे.

ऑफिसात वजनकाटा ठेवा आणि माणसांना त्यावर उभं करा. बूट, हेडसेट, पाण्याची बाटली, पुस्तकांची पिशवी यांच्यासकट. लोक दोन वर्षांपूर्वीचं वजन सांगतात, आणि खोटं बोलायचं म्हणून नव्हे, त्यांना तेवढंच माहीत असतं. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट इथे बीचक्राफ्ट १९०० हे छोटं प्रवासी विमान टेकऑफनंतर लगेच कोसळलं आणि २१ जण गेले. एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या फळीची) केबल चुकीची जुळवलेली होती, आणि त्यात प्रवाशांची सरासरी वजनं धरल्यामुळे कागदावर ठीक दिसणारं विमान प्रत्यक्षात जास्त जड आणि शेपटीकडे कललेलं होतं. त्यानंतर तिथे सरासरी वजनांचे आकडे वाढवले गेले. छोट्या विमानात तर सरासरी धरायचं काही कारणच नाही. तीन माणसं असतात, तिघांनाही काट्यावर उभं करता येतं.

इंधन गेजवर विसंबून लिहू नका, डिपस्टिकने मोजा. ती डिपस्टिक त्याच विमानाची आहे ना, विमान सपाट जागी उभं आहे ना, हे बघा. एका अंगाला कललेल्या विमानात एक टाकी जास्त दाखवते आणि दुसरी कमी.

आणि चार सीटचा भ्रम सोडा. आपल्या उदाहरणातल्या विमानात टाक्या पूर्ण भरल्या तर ३१८ पौंड इंधन. १,६८० अधिक ३१८ म्हणजे १,९९८. टेकऑफचं कमाल वजन २,५५० आहे, म्हणजे माणसं-सामानाला उरले ५५२ पौंड, अडीचशे किलो. पंचाहत्तर किलोची चार माणसं ६६० पौंडांच्या वर जातात. चौघं हवेत तर इंधन कमी करावं लागेल, आणि इंधन कमी तर वाटेत उतरायचं नियोजन हवं. हा निर्णय आदल्या संध्याकाळी घ्यायचा. टाक्या भरून झाल्यावर विमानाशेजारी उभं राहून नव्हे.

तपासणी ६: टेकऑफबरोबर लँडिंगही मांडा

बरेच जण टेकऑफचा एकच बिंदू काढून थांबतात. इंधन जळतं तसं वजन घटतं आणि सीजी सरकतो. १७२ मध्ये इंधन ४८ इंचांवर, म्हणजे आपल्या ४३.२ च्या मागे. ते जळालं की सीजी पुढे येतो. उदाहरणातलं सगळं इंधन संपलं असं धरलं तर २,१८० पौंड आणि ४२.६ इंच. सरकला अर्धा इंच, फार नाही. पण मर्यादाही वजनाबरोबर बदलते. पुढची मर्यादा १,९५० पौंडांपर्यंत ३५ इंच आहे आणि तिथून सरळ रेषेत २,५५० पौंडांना ४१ इंचांपर्यंत जाते. मागची मर्यादा मात्र सगळीकडे ४७.३. त्यामुळे "पुढची मर्यादा ३५ आहे, माझा ३८ आहे, चालेल" हे २,४२० पौंडांना चुकीचं आहे. तिथे पुढची मर्यादा ३९.७ आहे. दोन्ही बिंदू आलेखावर पेन्सिलीने मांडा आणि रेघेने जोडा. ती रेघ पूर्ण आत हवी.

सीजी पुढच्या मर्यादेबाहेर गेला तर नाक जड होतं, उतरताना ते उचलायला एलिव्हेटर कमी पडतो. मागच्या मर्यादेबाहेर गेला तर नियंत्रणं हलकी लागतात आणि ते शिकणाऱ्याला छानच वाटतं. पण स्टॉल (पंखाची उचल संपणं) किंवा स्पिन (त्यानंतर गिरक्या घेत खाली येणं) झाला तर नाक खाली येईलच याची खात्री राहत नाही. दोन्ही वाईट, पण दुसऱ्यात सुधारायची संधी मिळेलच असं नाही. मागच्या सीटवर माणूस बसवला की मी शीट दोनदा बघते, ती यामुळेच.

तपासणी ७: हवा आणि रनवे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा, आणि सगळ्यात कमी दिला जातो तोही इथेच.

नागपूर घेऊ. धावपट्टीची उंची साधारण १,०३० फूट. मे महिन्यातली दुपार, ४४ अंश, क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) १००३. प्रेशर अल्टिट्यूड (प्रमाण दाबाच्या हिशोबाने येणारी उंची) काढताना प्रमाण दाब १०१३, आजचा दाब दहाने कमी. एका हेक्टोपास्कलला तीस फूट धरले तर ३०० फूट. मिळवायचे की वजा करायचे? इथे निम्मा वर्ग अडखळतो. सूत्र आठवू नका, हवा आठवा. डोंगर चढताना दाब कमी होतो. म्हणजे दाब कमी असेल तर विमानाला आपण उंचावर आहोत असं 'वाटतं'. मिळवा. १,३३० फूट.

त्या उंचीला प्रमाण तापमान १५ वजा २.७, म्हणजे सव्वाबारा-साडेबारा अंश. प्रत्यक्षात ४४. फरक जवळपास ३२ अंश. दर अंशाला १२० फूट, म्हणजे ३,८०० फूट. डेन्सिटी अल्टिट्यूड ५,१०० च्या वर.

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. नागपूरच्या रनवेवर उभं असलेलं तुमचं विमान त्या दुपारी जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावरची हवा खात असतं. इंजिनला ती विरळ, प्रोपेलरला विरळ आणि पंखालाही विरळ, तिन्हीकडून मार. एअरस्पीडवर आकडा तोच येतो, पण जमिनीवरचा खरा वेग जास्त असतो, म्हणून रनवे भराभर मागे पडतो. मे महिन्याचं टेकऑफ अंतर जानेवारीइतकंच आलं असेल तर तुम्ही धावपट्टीची उंची थेट तक्त्यात घातली किंवा तापमानाचा जुनाच रकाना वाचलात. डेन्सिटी अल्टिट्यूड रनवेच्या उंचीखाली गेला असेल तर तापमानाच्या फरकाचं चिन्ह उलटं पडलंय.

आता तक्ता. समजा तक्त्यात पन्नास फुटांचा अडथळा ओलांडायचं अंतर १,००० फुटांना ३० अंशाला १,९९० आणि ४० अंशाला २,१३५ आहे; २,००० फुटांना हेच २,१९० आणि २,३५५. तुमचा प्रेशर अल्टिट्यूड १,३०० आणि तापमान ३६. आधी उंचीसाठी दोन्ही रकान्यांत मधला आकडा काढा: २,०५० आणि २,२००. मग त्या दोघांमध्ये तापमानासाठी: २,१४०. दोनदा करायचं आहे. एकदाच करून थांबणारे २,०५० च्या आसपास राहतात. घाई असेल किंवा खात्री नसेल तर पुढच्या मोठ्या चौकोनातला आकडा, इथे २,३५५, सरळ उचला. मी स्वतः रोजच्या उड्डाणाला तसंच करते.

प्रेशर अल्टिट्यूडवर चालणाऱ्या तक्त्यात डेन्सिटी अल्टिट्यूड घालू नका. तापमान तक्त्यात वेगळं आहेच, ते दोनदा मोजलं जातं. "आज निघताच येणार नाही" हे उत्तर अनेकदा तिथून येतं.

तक्त्यात प्रत्येक चौकोनात दोन आकडे असतात: जमिनीवरची धाव आणि अडथळा ओलांडेपर्यंतचं एकूण अंतर. लहान आकडा बघून रनवे भरपूर आहे असं म्हणू नका. रनवेच्या टोकाला झाडं, विजेच्या तारा असतातच. आणि लांबी मीटरमध्ये असेल तर फुटांत करा: १,२०० मीटर म्हणजे ३,९३७ फूट.

वारा शेवटी. १७२एसच्या तक्त्याखाली लिहिलंय: समोरून दर ९ नॉटला अंतर १० टक्के कमी, मागून दर २ नॉटला १० टक्के जास्त, तेही १० नॉटपर्यंतच. किती असमान आहे बघा. मागून चार नॉट, हातरुमालही नीट फडकत नाही एवढा वारा, आणि २,१४० चे २,५७० फूट होतात. वारा रनवेला तीस अंशांनी तिरका असेल तर समोरचा भाग ०.८७ पट, साठ अंशांनी असेल तर निम्मा. साठ अंशांना ०.८७ येत असेल तर कोसाइनच्या जागी साइन वापरलात.

हे सगळे आकडे नवीन विमान आणि सरावलेल्या चाचणी वैमानिकाचे असतात. टायरमधली हवा, इंजिनचं वय, तुमचा उशिरा उचललेला पाय तक्त्यात नसतो. किती टक्के वाढवायचे हे तुमच्या स्कूलच्या कार्यपद्धतीत असेल, तेवढे वाढवा.

इथे थांबा आणि माणसाला बोलवा

काही गोष्टी विद्यार्थ्याने सोडवायच्याच नसतात.

वेट शेड्यूलवरची अक्षरं विमानाशी जुळत नाहीत, विमानात नवं उपकरण दिसतंय पण शेड्यूल जुनं आहे, किंवा शेड्यूल सापडतच नाही: एएमईकडे (विमानाच्या देखभालीच्या इंजिनिअरकडे) जा. रिकाम्या वजनात स्वतः अंदाजाने पाच-दहा पौंड मिळवू नका. ते काम वजन करून आणि सही करूनच होतं.

तापमान तक्त्याबाहेर गेलंय. १७२एसचा टेकऑफ तक्ता ४० अंशांना संपतो आणि विदर्भात मे महिन्यात ४४ सहज होतं. रेघ पुढे वाढवून आकडा काढू नका. तिथे निर्मात्याने काही सांगितलेलंच नाही. सीएफआयला (मुख्य उड्डाण प्रशिक्षकाला) विचारा. उत्तर बहुधा सकाळी सहाचं उड्डाण हेच येईल.

दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांची शीट न बघता हिशोब केला आणि तरी फरक राहिला तर इन्स्ट्रक्टरला दाखवा. दोन्हींची सरासरी काढायची नाही.

उत्तर मर्यादेच्या आत आहे पण पाच-सात पौंडांनीच, किंवा बिंदू रेघेला चिकटून आहे. माणसांच्या वजनात आणि डिपस्टिकच्या वाचनात त्याहून मोठी चूक सहज असते. बॅग उतरवा, नाहीतर इन्स्ट्रक्टरला विचारा.

आणि शीट बरोबर असूनही विमान वेगळं वागलं तर: नाक नेहमीच्या वेगाला उचललं नाही, किंवा न ओढताच उचललं, किंवा ट्रिम (हातावरचा दाब कमी करणारी जोडणी) रोजच्या जागेपासून फार दूर लागला. रनवे शिल्लक असेल तर पॉवर बंद करून थांबा. हवेत असाल तर सोपं सर्किट (धावपट्टीभोवतीची एक फेरी) करून उतरा, विमान हँगरसमोर उभं करा, शीट त्याच अवस्थेत ठेवा आणि सीएफआय व एएमई दोघांनाही बोलवा. सामान उतरवू नका, इंधन भरू नका. त्यांना विमान जसं उडालं तसंच बघायचं असतं.